तीनच विषय, तरीही दमछाक: इंग्लंडमधली माझी ए-लेव्हलची दोन वर्षं

"तीनच विषय? मग उरलेला दिवस काय करतेस?" मी इयर ट्वेल्व्हला, म्हणजे आपल्या अकरावीला, होते तेव्हा पुण्याहून आत्याने फोनवर विचारलं आणि पुढे जवळजवळ प्रत्येक नातेवाइकाने तेच विचारलं. आपल्याकडची अकरावी-बारावी ज्याने पाहिली आहे त्याला हा प्रश्न पडणारच. माझा मावसभाऊ तेव्हा अकरावी सायन्सला होता. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत क्लास, आणि सीईटीची तयारी वेगळीच. त्याच्या तुलनेत मी गणित, केमिस्ट्री आणि इतिहास एवढंच घेऊन बसले होते. वर केमिस्ट्रीबरोबर इतिहास कुणी घेतं का, हा प्रश्न होताच.

या दोन वर्षांत मी काय काय केलं ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. रेडिंग, स्लाऊ, मिल्टन कीन्स या भागांत आता बरीच मराठी कुटुंबं आहेत. त्यांची मुलं एकामागोमाग एक सिक्स्थ फॉर्मला पोचताहेत, आणि आईबाबांना दहावीनंतरचा अभ्यास म्हणजे काय ते माहीत असलं तरी तो इथला नसतो.

आधी थोडं इथल्या पद्धतीबद्दल. आम्ही २०१९मध्ये इंग्लंडला आलो. सहावीपर्यंत मी पुण्यात शिकले, इथे थेट इयर एटला बसले. सोळाव्या वर्षी जीसीएसई ही आपल्या दहावीसारखी परीक्षा होते, नऊ-दहा विषयांची, आणि श्रेणी ९ ते १, त्यात ९ सगळ्यात वरची. त्यानंतरची दोन वर्षं सिक्स्थ फॉर्म, म्हणजे इयर ट्वेल्व्ह आणि थर्टीन. बहुतेक मुलं तीन विषय घेतात, काही चार. २०१५पासून टप्प्याटप्प्याने जे बदल झाले त्यांनंतर इंग्लंडमध्ये ए-लेव्हलची, म्हणजे या दोन वर्षांच्या अभ्यासाची, परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एकदमच होते. पहिल्या वर्षात जे शिकलो त्यावर शेवटी, वीस-बावीस महिन्यांनी, प्रश्न येतात. दर सहामाहीला गुण जमा होत गेले की जो आधार वाटतो तो इथे नाही.

२०२३च्या ऑगस्टमध्ये माझा जीसीएसईचा निकाल लागला तेव्हा त्यात बरेचसे ९ आणि ८ होते. आईने घरी पेढे केले. त्या निकालाचा आनंद मी आजही कमी लेखत नाही, त्यामागे खरी मेहनत होती. पण ९ म्हणजे जीसीएसईच्या पेपरात जे विचारलं ते मला उत्तम येतं, एवढंच. ए-लेव्हलचा पेपर कसा विचारणार, याचा त्यात पत्ता नसतो. सप्टेंबर उजाडला आणि ते कळायला लागलं.

केमिस्ट्रीपासून सुरुवात करते. जीसीएसईला इलेक्ट्रॉन कवचांत भरायचे असतात: २, ८, ८ आणि कॅल्शियमला शेवटी २. पहिल्या वीस मूलद्रव्यांपुरतं ते छान चालतं. ए-लेव्हलच्या सुरुवातीलाच बाईंनी सांगितलं की कवचांच्या आत उपकवचं असतात, फोर-एस हे थ्री-डीच्या आधी भरतं, आयन होताना मात्र फोर-एसमधलेच इलेक्ट्रॉन आधी बाहेर पडतात, आणि क्रोमियम व तांबं हे दोघे या क्रमालाही जुमानत नाहीत. वर्गात एकाने विचारलं, "मग आधी शिकवलं ते खोटं होतं का?" बाई म्हणाल्या, ते तेवढ्यापुरतं खरं होतं, आणि आज मी जे सांगतेय तेही तेवढ्यापुरतंच खरं आहे, विद्यापीठात गेलात की आणखी बदलेल. मला ते ऐकून अस्वस्थ वाटलं होतं. पाठ केलेली गोष्ट आता पक्की झाली, तिच्यावर पुढचा मजला चढवायचा, अशीच आजवरची सवय होती.

खरी अडचण गणनेच्या प्रश्नांत आली. एक प्रश्न देते, अगदी ठरीव प्रकारचा. २.८६ ग्रॅम हायड्रेटेड सोडियम कार्बोनेट पाण्यात विरघळवून द्रावण २५० घन सेंटिमीटर केलं. त्यातलं २५ घन सेंटिमीटर द्रावण उदासीन करायला ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २० घन सेंटिमीटर लागलं. तर स्फटिकात प्रत्येक कार्बोनेटमागे पाण्याचे रेणू किती? बस, एवढाच प्रश्न. खाली कोरी जागा आणि समोर पाच-सहा गुण.

हाच प्रश्न जीसीएसईला आला असता तर त्याचे तुकडे केलेले असते. (अ) आम्लाचे मोल (पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) काढा. (ब) समीकरण पाहून कार्बोनेटचे मोल काढा. (क) मूळ द्रावणात किती? असं बोट धरून उत्तरापर्यंत नेलं असतं. इथे आम्लाचे मोल ०.००२ आले. एका कार्बोनेटला दोन आम्ल लागतात म्हणून कार्बोनेटचे ०.००१. ते फक्त २५ घन सेंटिमीटरमधले, म्हणून पूर्ण द्रावणात दहापट, ०.०१. मग २.८६ भागिले ०.०१, म्हणजे २८६. त्यातून कोरड्या कार्बोनेटचे १०६ वजा केले की १८० उरतात, पाण्याच्या एका रेणूचे १८, म्हणून उत्तर १०. (हाच आपला धुण्याचा सोडा. आजीकडे त्याची पुडी असायची, हे मला फार नंतर लक्षात आलं.) यातली प्रत्येक पायरी मला स्वतंत्रपणे येत होती. कोणती पायरी आधी घ्यायची, आणि दहापट करायचं आहे हे आपणहून ओळखायचं, हे येत नव्हतं. वर्गात फळ्यावर पाहिलं की सगळं समजायचं, घरी कोऱ्या कागदावर हात थांबायचा.

माझ्या मते सिक्स्थ फॉर्मची पायरी उंच होते ती नेमकी इथेच. मजकूर वाढतो, वेग वाढतो, हे सगळं खरं. पण प्रश्न तुम्हाला वाट दाखवणं बंद करतो, ती तुमची तुम्ही शोधायची असते. तिन्ही विषयांत मला तेच दिसलं, फक्त वेगवेगळ्या रूपात.

गणितात ते रूप बीजगणिताचं होतं. पुण्यात मी तीसपर्यंत पाढे पाठ केले होते आणि इथे आल्यावर दोन वर्षं त्या जोरावर वर्गात पुढे राहिले. ए-लेव्हलच्या गणिताच्या तिन्ही पेपरांना कॅल्क्युलेटर चालतो, त्यामुळे झटपट गुणाकाराचं कौतुक तिथे संपलं. तिथे लागतो तो बीजगणितावरचा हात: वर्ग पूर्ण करणं, करणी चिन्हांतून छेद मोकळा करणं, अपूर्णांकी आणि ऋण घातांक न अडखळता हलवणं. जीसीएसईला जे शेवटचे सगळ्यात अवघड प्रश्न असतात ते इथे पहिल्या काही आठवड्यांत उजळणी म्हणून उरकले जातात. मग अवकलन येतं, आणि ज्याचा घातांकावर हात बसलेला नाही त्याला वाटतं आपल्याला कॅल्क्युलसच जमत नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांना असं वाटत होतं. अवकलन त्यांना कळलेलं असायचं, अडायचं ते त्याच्या आधीच्या ओळीवर.

गणितातली एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून आवडली. आमच्या परीक्षा मंडळाच्या संख्याशास्त्रात हवामानाच्या नोंदींचा एक मोठा साठा दोन वर्षं वापरायचा असतो: कॅम्बोर्न, हीथ्रो, हर्न, लीमिंग, ल्यूकर्स ही ब्रिटनमधली ठिकाणं, आणि बीजिंग, जॅक्सनव्हिल, पर्थ ही बाहेरची. १९८७ आणि २०१५ या दोन वर्षांच्या मे ते ऑक्टोबरच्या नोंदी. पाऊस ०.०५ मिलिमीटरपेक्षा कमी असला तर तिथे आकडा नसतो, 'टीआर' अशी खूण असते, आणि सरासरी काढताना त्या खुणेचं काय करायचं हे ठरवावं लागतं. पुण्याचा जुलै पाहिलेल्या मुलीला ०.०५ मिलिमीटरला पाऊस म्हणणं जड जातं. पण आकडेवारी हाताळायची म्हणजे कुठे काय गहाळ आहे ते आधी बघायचं, ही सवय मला त्या तक्त्याने लावली.

वेळापत्रकाबद्दल सांगायला हवं, कारण घरच्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. प्रत्येक विषयाचे आठवड्याला साधारण पाच तास. बाकीचे फ्री पीरियड. ते मोकळे दिसतात आणि मोकळे नसतात, कारण वर्गात जितके तास, तितकाच वेळ त्या विषयाला स्वतःहून द्यावा अशी शिक्षकांची अपेक्षा असते. गृहपाठ वेगळा सांगतीलच असं नाही. तुम्ही त्या वेळात कॉमन रूममध्ये गप्पा मारल्या तरी कुणी विचारायला येत नाही. पुण्याच्या शाळेत वही तपासून लाल पेनने शेरा यायचा, इथे इयर इलेव्हनपर्यंत शिक्षक मागे लागायचे, आणि आता एकदम शांतता. सुरुवातीला मी त्या तासांत सुंदर नोट्स काढायचे. चार रंगांची पेनं, ठळक मथळे, पुस्तकातलं वाक्य माझ्या अक्षरात. त्यात तास भरून जायचा.

नोव्हेंबरात पहिली मोठी चाचणी झाली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन रविवारी, १२ नोव्हेंबरला होतं आणि त्याच आठवड्यात पेपर. दिवाळीला इथे सुट्टी नसते. फराळाचं ताट बाजूला ठेवून पाठांतर केलं. निकालात केमिस्ट्रीला ई (ए-लेव्हलला पास होण्याची शेवटची श्रेणी) आणि गणिताला त्याच्या एक पायरी वरचा डी आला. वर्गातल्या बऱ्याच जणांचं तेच झालं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ते कुणी कुणाला सांगत नव्हतं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी त्यांच्या बारावीची गोष्ट सांगितली, अपेक्षित प्रश्नसंच आणून घोकून कसे काढले होते ती, आणि मग स्वतःच म्हणाले, "पण तुझा पेपर वाचला मी. हा घोकून सुटणारा नाही." मला त्यांच्या त्या वाक्याने फार धीर आला. त्यांनी पेपर खरंच वाचला होता.

सुरुवातीचे ते काही महिने मी खरं तर चार विषय करत होते, चौथा फर्दर मॅथ्स, म्हणजे गणिताचाच पुढचा, वेगळा विषय. तो सोडायचा का यावर घरी बरीच चर्चा झाली. आपल्या मनात विषय सोडणं म्हणजे नापास होण्याची पहिली पायरी, असं काहीसं पक्कं बसलेलं असतं. आई म्हणाली, "घेतलंय तर कर ना पूर्ण." शेवटी आईबाबा शाळेत भेटायला आले. इथली बहुतेक विद्यापीठं तीनच ए-लेव्हलच्या श्रेणींवर प्रवेश देऊ करतात, आणि चार ठीकठाक श्रेणींपेक्षा तीन उत्तम असणं कधीही चांगलं, असं तिथे त्यांना समजावून सांगितलं गेलं. ज्याला गणित किंवा इंजिनीअरिंगकडे जायचं आहे त्याची गोष्ट वेगळी, त्याने फर्दर मॅथ्स धरून ठेवावं. मला केमिस्ट्रीकडे जायचं होतं. नाताळच्या सुट्टीआधी मी तो विषय सोडला आणि आठवड्यातले ते तास परत मिळाले. त्या निर्णयाबद्दल मला आजही पूर्ण खात्री आहे.

त्या तासांत काय केलं, हे सगळ्यात महत्त्वाचं. केमिस्ट्रीच्या बाईंनी माझी नोट्सची वही चाळली, छान आहे म्हणाल्या, आणि ती मिटून माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. "हॅलोजनोअल्केनबद्दल जे आठवतं ते लिही." (कार्बनच्या साखळीला क्लोरीन-ब्रोमीनसारखा अणू जोडलेली ही संयुगं.) पाच-सात ओळींत मी थांबले. मग त्यांनी वही उघडायला लावली आणि राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरायला सांगितलं. तो दुसरा रंग म्हणजे माझा अभ्यास. पुढच्या आठवड्यात परत कोरा कागद, परत तेच. मानसशास्त्र शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीने याला आधार दाखवला. रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना उतारे देऊन पाहिलं होतं: काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. पुन्हा वाचताना आपल्याला येतंय असं वाटत राहतं, आणि त्या वाटण्यावर मी नोव्हेंबरपर्यंत चालले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे मार्क स्कीम, कोणत्या उत्तराला किती गुण ते सांगणारा तक्ता. इथली परीक्षा मंडळं जुने पेपर, त्यांच्या मार्क स्कीम आणि परीक्षकांचे अहवालही प्रसिद्ध करतात. मुलं मार्क स्कीम उत्तर ताडून बघण्यापुरती वापरतात. परीक्षकांचा अहवाल त्याहून मोलाचा, कारण कोणत्या प्रश्नात बहुतेक मुलं कुठे घसरली ते त्यात लिहिलेलं असतं. मी एक वही फक्त सुटलेल्या गुणांची केली. प्रश्न, कुठे अडले, आणि पुढच्या वेळी काय बघून ते ओळखायचं. 'काय बघून' हा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. 'द्रावण पातळ केलंय का, एकूण घनफळ आणि घेतलेलं घनफळ वेगळं आहे का ते बघ', अशा ओळी. चार-पाच महिन्यांत त्या वहीतल्या ओळी परत परत त्याच यायला लागल्या, तेव्हा समजलं की अडण्याच्या जागा वाटल्या तितक्या जास्त नाहीत.

आईचा यात मोठा वाटा आहे. ती बी.कॉम., केमिस्ट्रीशी तिचा संबंध दहावीत संपला. संध्याकाळी ती पोळ्या करत असायची आणि मी ओट्याशेजारी उभी राहून तिला मराठीत अभिक्रिया समजावायचे. ब्रोमोइथेनवर हायड्रॉक्साइड येतो, त्याच्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी आहे, ती कार्बनकडे जाते, ब्रोमीन निघून जातो. आईने लाटणं थांबवून विचारलं, "का निघून जातो? राहू दे की तिथेच." कार्बन चारच बंध धरू शकतो, पाचवा आला की एकाला जावं लागतं, हे मी तिला सांगितलं आणि सांगता सांगता मलाच अभिक्रियेच्या आकृतीत काढायच्या वक्र बाणांचं कोडं सुटलं. बाण इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवतो, अणू कुठून कुठे जातात ते नाही. मग तिचा पुढचा प्रश्न: "आणि ब्रोमीनऐवजी दुसरा कुणी असला तर?" आयोडीन असेल तर अभिक्रिया जास्त वेगाने होते, कारण कार्बन-आयोडीन बंध कमकुवत. फ्लोरीनचा बंध सर्वांत ध्रुवीय असूनही सर्वांत मंद, कारण तो तुटतच नाही. हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो, आणि तो मला पोळपाटाशेजारी विचारला गेला होता. ज्या घरात आईबाबांना विषय येत नाही त्यांनी स्वतःला निरुपयोगी समजू नये, हे मला इथे कळकळीने सांगायचं आहे. न कळणाऱ्या माणसाने विचारलेला 'का' शिकवणीपेक्षा जास्त कामाचा असतो.

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात. केमिस्ट्रीत दोन वर्षांत बारा ठरलेले प्रयोग असतात, त्यांची पास-नापास अशी वेगळी नोंद होते, श्रेणीत ती धरत नाहीत. ब्युरेटचं (द्रव मोजून सोडायच्या नळीचं) वाचन ०.०५ घन सेंटिमीटरपर्यंत घ्यायचं, आणि प्रयोग पुन्हा केल्यावर लागलेल्या मापांत ०.१०पेक्षा जास्त फरक नको. हाताला ती शिस्त लागली आणि लेखी पेपरातले प्रयोगावरचे प्रश्न सोपे झाले.

आता इतिहास. मी हा विषय घेतला कारण आमच्या शाळेत दुसऱ्या पेपरसाठी 'भारत, १९१४ ते १९४८' हा भाग होता. वर्गात भारतातून आलेली मी एकटीच. मला वाटलं होतं हा पेपर तरी घरचा. टिळक, गोखले, येरवडा, ही नावं मी लहानपणापासून ऐकत आलेली. येरवड्याच्या तुरुंगावरून तर आम्ही कितीदा गेलो असू. आजोबा फोनवर उत्साहाने माहिती द्यायचे: टिळकांनी एप्रिल १९१६मध्ये बेळगावला होमरूल लीग कशी काढली, बेझंटबाईंची त्याच सप्टेंबरात मद्रासला, डिसेंबरात लखनौ करार. मी सगळं लिहायचे. माझा पहिला मोठा निबंध परत आला तेव्हा समासात जागोजागी दोनच शब्द होते: 'सो व्हॉट?' तारखा सगळ्या बरोबर होत्या. पण माँटेग्यूची घोषणा, रौलट कायदा, जालियनवाला, असहकार अशी ती नुसती माळ होती. यातलं कशामुळे काय झालं, किती प्रमाणात, आणि दुसरं काही कारण जास्त वजनाचं होतं का, हे ठरवायचं काम मी वाचणाऱ्यावर सोडलं होतं.

याहून अवघड गेला तो साधनांचा प्रश्न. दोन साधनं देतात, आणि एखाद्या गोष्टीचा शोध घ्यायला इतिहासकाराला ती दोन्ही मिळून कितपत उपयोगी पडतील ते लिहायचं असतं. जालियनवाला बागेवर आम्ही असा सराव केला तेव्हा समोर त्या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढची, गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या डायरची साक्ष होती. मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड त्या समितीवर होते. चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या तर मशीनगनने गोळीबार केला असता का, असं त्यांनी विचारलं आणि डायरने बहुधा हो, असं उत्तर दिलं. १६५० फैरी, सरकारी आकड्यानुसार ३७९ मृत्यू. मला ते वाचून इतका राग आला की मी लिहूच शकले नाही. सरांनी मला वर्गानंतर थांबवून घेतलं. राग येणं योग्य आहे, ते म्हणाले, तो बाजूला ठेव असं मी सांगणार नाही, पण हा माणूस हे का लपवत नाही, याचा विचार कर. त्या एका प्रश्नाने सगळं फिरलं. आपण योग्य केलं अशी त्याची खात्री आहे, म्हणून तो मोकळेपणाने बोलतो. म्हणूनच ही साक्ष त्या वेळच्या लष्करी मनोवृत्तीचा इतका भक्कम पुरावा ठरते. बागेतल्या लोकांना काय वाटलं, ते कशासाठी जमले होते, हे मात्र या कागदात सापडणार नाही, त्यासाठी दुसरीकडे जावं लागेल. हे लिहिताना माझा राग कमी झाला नाही, त्याला काम मिळालं.

पुणे करारावरचा निबंध मी अशाच रीतीने परत परत लिहिला. १९३२च्या ऑगस्टमधल्या जातीय निवाड्याने दलितांना प्रांतिक कायदेमंडळांत स्वतंत्र मतदारसंघांच्या ७१ जागा दिल्या, २४ सप्टेंबरच्या करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा १४८ झाल्या. नुसते आकडे पाहिले तर जागा दुप्पट झाल्यासारख्या दिसतात. पण त्या जागांवर कोण निवडून येणार हे ठरवणारे मतदार बदलले, आणि समोर गांधीजींचं प्राणांतिक उपोषण असताना बाबासाहेबांना निवडीला वाव किती होता? आजोबांशी मी यावर फोनवर तावातावाने वाद घातला. "आबा, तुम्ही सांगता ती एक बाजू झाली," असं मी पहिल्यांदाच त्यांना म्हणाले. ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "बरं, तू दुसरी सांग." त्या संध्याकाळी मी जे बोलले तेच निबंधात उतरवलं आणि समासातले ते दोन शब्द गेले.

इयर ट्वेल्व्हच्या शेवटी, जूनमध्ये, मॉक, म्हणजे सराव परीक्षा, होतात. त्यांना हलक्यात घेऊ नये, कारण त्यांवरून शिक्षक विद्यापीठांना कळवायच्या अपेक्षित श्रेणी ठरवतात आणि त्या अर्जात जातात. तोवर माझी केमिस्ट्री बी-वर आली होती, गणितही. एका रात्रीत काही झालं नाही. गणिताच्या विभागात जेवणाच्या सुट्टीत शंका विचारायला बसता यायचं, तिथे मी नियमाने जात होते. तिथे येणारी मुलं वर्गातली सगळ्यात कच्ची असतील असं मला वाटायचं, प्रत्यक्षात सगळ्यात पुढची मुलंही तिथेच भेटली.

दुसरं वर्ष भराभर गेलं. इतिहासाचा प्रकल्प, तीन इतिहासकारांच्या मतांची तुलना, तीन ते चार हजार शब्द, त्याचे एकूणात वीस टक्के. तो शरद ऋतूत चालू असतानाच विद्यापीठाचा अर्ज, त्यात स्वतःबद्दलचं चार हजार अक्षरांचं निवेदन. ज्यांना ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा मेडिकलला जायचं त्यांची मुदत १५ ऑक्टोबर, आमची जानेवारीच्या अखेरीस. त्या महिन्यांत झोप कमी करून चालत नाही, एवढं मी अनुभवाने सांगेन. उशिरापर्यंत जागून केलेल्या प्रश्नांचा सकाळी मागमूस नसायचा, म्हणून मी साडेदहाला दिवा मालवायचा नियम ठेवला आणि पाळला.

१४ ऑगस्ट २०२५ला निकाल आला. केमिस्ट्री आणि गणितात ए, इतिहासात बी. हवा तो प्रवेश मिळाला. इतिहासातल्या त्या बी-साठी मी जितकं वाचलं, भांडले आणि लिहिलं तितकं दुसऱ्या कशासाठीच नाही, आणि तो विषय घेतल्याचं समाधान माझ्या तिन्ही श्रेणींत सगळ्यात मोठं आहे.

यंदा सप्टेंबरात ज्यांची मुलं इयर ट्वेल्व्हला जाताहेत अशा दोन-तीन आयांनी मला विचारलं, उन्हाळ्यात काय करून घेऊ? मी त्यांना पुढचा अभ्यासक्रम आधीच सुरू करायला सांगितलं नाही. जीसीएसईचं वरच्या पातळीचं बीजगणित रोज थोडं, पुस्तक न उघडता. केमिस्ट्री घेणार असेल तर मोलची गणितं. इतिहास किंवा इंग्रजी असेल तर एखादा लेख वाचून त्याच्याशी आपण का सहमत किंवा असहमत ते अर्ध्या पानात. आणि पहिल्या चाचणीत घसरण झाली तर घाबरून लगेच शिकवणी लावू नका, आधी तो पेपर मुलाबरोबर बसून वाचा.

मी आता विद्यापीठात केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. फोर-एस आणि थ्री-डीबद्दल बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, ते चित्र इथे पुन्हा बदललं. घरी सोडवायला दिलेल्या पहिल्या प्रश्नसंचातला तिसरा प्रश्न मला सुटला नाही. जिथवर पोचले होते तिथवरच्या दोन ओळी लिहिलेला कागद घेऊन मी त्याच आठवड्यात ट्यूटरकडे गेले.